शहरातील लढाई आणि पहिल्या तासाची तयारी

(संविधान दिनाच्या निमित्ताने यवतमाळ येथे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे.)



आज २६ नोव्हेंबर. १९४९ साली याच दिवशी आपल्या घटना समितीने भारताचे संविधान स्वीकृत केले. २००८ साली याच दिवशी, रात्रीच्या वेळी, समुद्रमार्गाने आलेल्या दहा अतिरेक्यांनी मुंबईवर हल्ला चढविला. एकाच तारखेशी या दोन स्मृती निगडित झाल्या आहेत. राज्य कोणासाठी चालवावयाचे, हे पहिली स्मृती सांगते. ते राखण्यासाठी किती सावध असावे लागते, हे दुसरी सांगते. आज मी प्रामुख्याने दुसऱ्या स्मृतीविषयी बोलणार आहे; परंतु शेवटी पहिलीकडे परत यावे लागेल.

आपल्यापैकी काहींच्या मनात असे येईल की, मुंबईतील लढाईचा यवतमाळशी काय संबंध? आपला जिल्हा कापसाचा, जंगलाचा, वणीच्या कोळशाचा. समुद्र येथून शेकडो कोस दूर. या शंकेचे उत्तर मी आपल्याच जिल्ह्यातील एका प्रसंगाने देतो. २०२३ च्या जुलै महिन्यात महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्याला पुराने वेढा घातला आणि चाळीसहून अधिक माणसे अडकून पडली. हवाई दलाची हेलिकॉप्टर मागविण्यात आली, आपत्ती निवारणाची पथके धावली. परंतु बाहेरची मदत कितीही तत्पर असली, तरी ती येईपर्यंतचा वेळ तांड्यावरच्या माणसांनाच काढावा लागला. संकट पुराचे असो, आगीचे असो वा बंदुकीचे असो, पहिला तास हा नेहमी जागेवर असलेल्या माणसाचा असतो. गेल्या पन्नास वर्षांत शहरांतील अतिरेकी हल्ल्यांनंतर जगभर ज्या ज्या लष्करी आणि पोलिसी सुधारणा झाल्या, त्यांचे सार काढले तर ते हेच निघते.

म्युनिकचा धडा

सैन्याची परंपरागत शिकवण मोकळ्या मैदानातील युद्धाची असते. समोर शत्रू, मागे आपली रसद, मध्ये सीमारेषा. शहरात यातले काहीच नसते. प्रत्येक भिंत हा आडोसा असतो, प्रत्येक खोलीत निरपराध माणूस असू शकतो. तेथे तोफेचा उपयोग नाही, कारण तोफ शत्रू आणि नागरिक यांत भेद करीत नाही. म्हणून शहरातील लढाईसाठी वेगळे दल, वेगळी शस्त्रे, वेगळा संयम लागतो. ही गोष्ट जगाला फार महाग पडून समजली.

१९७२ च्या सप्टेंबर महिन्यात म्युनिक येथे ऑलिंपिक सामने चालू असताना अतिरेक्यांनी इस्रायली खेळाडूंना ओलीस धरले. विमानतळावर सुटकेचा प्रयत्न झाला, तेव्हा आठ अतिरेक्यांसाठी पाच नेमबाज उभे करण्यात आले होते. या कामाचे खास शिक्षण त्यांना मिळालेले नव्हते आणि एकमेकांशी बोलण्यास बिनतारी संचही नव्हते. त्या प्रकरणात इस्रायली संघातील अकरा जण आणि एक जर्मन पोलीस मृत्युमुखी पडले. पश्चिम जर्मनीने त्या अपयशाची कबुली दिली आणि काही आठवड्यांतच जीएसजी-९ हे विशेष पथक स्थापन करण्याचा निर्णय घेतला. पाच वर्षांनी, १९७७ च्या ऑक्टोबरमध्ये, याच पथकाने मोगादिशू येथे अपहृत विमानातील ओलिसांची सुटका केली. अपयश प्रामाणिकपणे तपासले तर पाच वर्षांत काय होऊ शकते, याचे हे उदाहरण आहे.

अमृतसरचे दोन प्रसंग

आपल्या देशानेही असाच धडा घेतला. १९८४ च्या जूनमध्ये अमृतसर येथे सुवर्णमंदिराच्या परिसरात शिरलेल्या सशस्त्र अतिरेक्यांविरुद्ध लष्करास कारवाई करावी लागली. त्या वेळी लष्करप्रमुखपदी होते अलिबाग येथे जन्मलेले जनरल अरुणकुमार वैद्य. मैदानी युद्धासाठी घडलेल्या सैन्याला दाट वस्तीत, तळघरांतून आणि अरुंद वाटांतून लढावे लागले. आत यात्रेकरूही होते. सरकारी श्वेतपत्रिकेनुसार ८३ सैनिक त्यात कामी आले, अनेक नागरिकांचे प्राण गेले, पवित्र वास्तूंची हानी झाली आणि शीख बांधवांच्या मनाला खोल जखम झाली. दोन वर्षांनी, १० ऑगस्ट १९८६ रोजी, निवृत्त झालेल्या जनरल वैद्यांची पुण्यात भर रस्त्यावर हत्या झाली.

या अनुभवानंतर १९८४ मध्येच राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दल, ज्याला आपण एनएसजी म्हणून ओळखतो, उभारण्याचा निर्णय झाला. १९८६ मध्ये त्याचा कायदा झाला. १९८८ च्या मे महिन्यात त्याच परिसरात पुन्हा तसाच प्रसंग उद्भवला. या वेळी घाई झाली नाही. वेढा घातला गेला, पाणी व वीज तोडण्यात आली, निष्णात नेमबाजांनी मोक्याच्या जागा धरल्या आणि पत्रकारांना सारे पाहू देण्यात आले. दोनशेच्या आसपास माणसे शरण आली. स्थळ तेच आणि प्रश्नही तोच. शासनाने मधल्या चार वर्षांत केलेल्या अभ्यासामुळे निकाल मात्र पालटला.

साठ तासांची परीक्षा

परंतु अभ्यास एकदा केला की तो कायम पुरतो, असे नाही. २००८ च्या नोव्हेंबरात हे मुंबईने दाखवून दिले.

‘कुबेर’ ही मच्छीमार नौका बळकावून आलेले दहा अतिरेकी कुलाब्याजवळच्या कोळीवस्तीत उतरले. तेथल्या कोळी बांधवांनी त्यांना हटकलेही. दोन-दोनच्या पाच जोड्या करून ते निरनिराळ्या ठिकाणी गेले. छत्रपती शिवाजी टर्मिनस, लिओपोल्ड कॅफे, कामा रुग्णालयाचा परिसर, ताजमहाल हॉटेल, ओबेरॉय-ट्रायडंट, नरिमन हाउस आणि वाटेत टॅक्सींत ठेवलेले बॉम्ब. एकाच वेळी इतक्या ठिकाणांहून बातम्या येऊ लागल्या की, अतिरेकी किती व कोठे याचा नियंत्रण कक्षाला अंदाज येईना. शहरातील लढाईत शत्रूचे पहिले उद्दिष्ट हेच असते. त्याला भूमी जिंकावयाची नसते, गोंधळ माजवावयाचा असतो.

रेल्वे स्थानकावरील पोलिसांच्या हाती काठ्या होत्या, काहींपाशी जुन्या ३०३ रायफली होत्या. समोर स्वयंचलित बंदुका होत्या. नौदलाचे मार्कोस कमांडो रात्रीच ताजमध्ये शिरले. परंतु एनएसजीचा तळ दिल्लीजवळ मानेसरला होता. कमांडो नेण्यास योग्य असे मोठे विमान चंडीगडला होते. ते आधी दिल्लीस आणावे लागले. मुंबईच्या विमानतळावरून शहरात पोहोचण्यास बसगाड्या लागल्या. एनएसजीची प्रत्यक्ष कारवाई सुरू झाली, तेव्हा पहिली गोळी सुटून दहा तासांहून अधिक काळ लोटला होता. हॉटेलच्या अंतर्भागाचे सविस्तर नकाशे ऐनवेळी हाती नव्हते. जिने कोठे, मागचे दरवाजे कोठे, ही माहिती तेथील कर्मचाऱ्यांकडून घ्यावी लागली. नरिमन हाउसच्या गच्चीवर कमांडो उतरत असताना ते दृश्य दूरचित्रवाणीवर सर्व जगाला थेट दिसत होते. अर्थात अतिरेक्यांच्या सूत्रधारांनाही दिसत होते. २९ नोव्हेंबरच्या सकाळी हे साठ तासांचे सत्र संपले, तेव्हा १६६ निरपराध माणसांचा बळी गेला होता.

त्यांत हेमंत करकरे होते. वऱ्हाड-नागपूरकडील आपल्या लोकांना त्यांच्याविषयी विशेष जिव्हाळा वाटतो, कारण नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयातून ते अभियंता झाले आणि आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात त्यांनी पोलीस अधीक्षक म्हणून काम केले. त्यांच्यासमवेत अशोक कामटे व विजय साळसकर हेही धारातीर्थी पडले. एनएसजीचे मेजर संदीप उन्नीकृष्णन आणि हवालदार गजेंद्रसिंह बिष्ट यांनी प्राणार्पण केले.

आणि तुकाराम ओंबळे. सातारा जिल्ह्यातील केडंबे या लहानशा गावचा हा सहायक पोलीस उपनिरीक्षक. त्या रात्री गिरगाव चौपाटीवर नाकाबंदी होती. बिनतारी संदेशावरून गाडीची माहिती मिळाली होती. गाडी अडविण्यात आली. ओंबळे पुढे झाले आणि अतिरेक्याच्या बंदुकीची नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली. गोळ्या अंगावर झेलल्या, पण पकड सोडली नाही. त्यामुळे दहांपैकी एक अतिरेकी, अजमल कसाब, जिवंत हाती लागला आणि कटाचे धागेदोरे जगापुढे मांडता आले. ओंबळे यांच्या शौर्याला आपण वंदन करतो. ते करताना एक गोष्ट ध्यानी घ्यावी. त्या ठिकाणी संदेश वेळेवर पोहोचला होता, नाकाबंदी लागलेली होती आणि माणसे आपापल्या जागी होती. शौर्याला फळ येण्यासाठी व्यवस्थेने आपला वाटा उचलावा लागतो.

काय बदलले

महाराष्ट्र शासनाने ३० डिसेंबर २००८ रोजी माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली, व्ही. बालचंद्रन हे तिचे दुसरे सदस्य होते. अशा प्रसंगी कोणी काय करावे याची कार्यपद्धती लेखी स्वरूपात होती, परंतु ती त्या रात्री नीट पाळली गेली नाही, हे समितीच्या पाहणीत दिसून आले. शीघ्र प्रतिसाद पथके होती, परंतु गोळ्यांच्या तुटवड्यामुळे त्यांचा नेमबाजीचा सराव झालेला नव्हता.

त्यानंतरच्या काळात झालेल्या सुधारणा थोडक्यात सांगतो. २००९ मध्ये राज्याने स्वतःचे ‘फोर्स वन’ हे कमांडो दल उभारले, जेणेकरून मुंबईला मदतीसाठी दिल्लीकडे पाहात बसावे लागू नये. त्याच वर्षी एनएसजीची केंद्रे मुंबई, चेन्नई, हैदराबाद व कोलकाता येथे सुरू झाली आणि निकडीच्या वेळी विमान ताब्यात घेण्याचा अधिकार दलाच्या महासंचालकांना मिळाला. जिल्ह्याजिल्ह्यांत शीघ्र प्रतिसाद पथके उभी राहिली व पोलिसांना नवी शस्त्रे देण्यात आली. संसदेने डिसेंबर २००८ मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा केला. सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे सोपविण्यात आली, तटरक्षक दल व सागरी पोलीस यांची कामे आखून देण्यात आली. मच्छीमारांना ओळखपत्रे आणि नौकांना नोंदणी लागू झाली. २०१० मध्ये महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाचा कायदा झाला. २०१५ मध्ये केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत दुरुस्ती होऊन अशा कारवाईचे थेट प्रक्षेपण करण्यास मनाई झाली.

या सर्व उपायांत एक सूत्र आहे. मदत आणि संकट यांमधील अंतर कमी करणे, हे ते सूत्र होय. दिल्लीहून मुंबईपर्यंतचे अंतर फोर्स वनने कमी केले. एका खात्यापासून दुसऱ्या खात्यापर्यंतचे अंतर नव्या कायद्यांनी कमी करण्याचा प्रयत्न केला.

सगळेच वेळेवर झाले, असे मात्र म्हणता येणार नाही. मुंबईभर कॅमेरे बसविण्याची योजना पूर्णत्वास जाण्यास २०१६ साल उजाडले. दरम्यान २०१० मध्ये पुण्याच्या जर्मन बेकरीत आणि २०११ मध्ये मुंबईत झवेरी बाजार, ऑपेरा हाउस व दादर येथे स्फोट होऊन पुन्हा माणसे मेली. नौका विकत घेता येते. ती चालविणारा तरबेज माणूस, तिचे इंधन आणि तिची देखभाल यांची तरतूद दरवर्षी करावी लागते. सुधारणेचा उत्साह पहिल्या वर्षी असतो. तिची खरी परीक्षा दहाव्या वर्षी होते.

नक्कल नको, जागेची जाण हवी

विदर्भातील आपल्या मंडळींना आणखी एक उदाहरण परिचयाचे आहे. गडचिरोलीत नक्षलवाद्यांचा मुकाबला करण्यासाठी १९९० मध्ये सी-६० पथक उभारण्यात आले. त्यात स्थानिक तरुण घेण्यात आले, कारण त्यांना गोंडी बोली कळते, जंगलातील वाटा माहीत असतात. तेथे जागेची जाण हेच मोठे शस्त्र ठरले. मात्र जंगलातील कसब जसेच्या तसे शहरात चालत नाही. फिलिपीन्स देशातील मारावी या शहरात २०१७ मध्ये अतिरेकी घुसले, तेव्हा जंगलातील मोहिमांना सरावलेल्या तेथील सैन्याला ते शहर मोकळे करण्यास पाच महिने लागले आणि घराघरातून लढण्याचे तंत्र नव्याने शिकावे लागले. म्हणून प्रत्येक ठिकाणची तयारी त्या ठिकाणच्या माहितीवर उभी करावी लागते. ही माहिती कमांडोपाशी नसते. ती आपल्यापाशी असते.

आपल्या जिल्ह्यात काय करता येईल

या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाकडे त्या माहितीचा काही ना काही भाग आहे. शाळेच्या इमारतीला दरवाजे किती आणि मागची वाट कोठे निघते, हे मुख्याध्यापकांना ठाऊक असते. बाजाराच्या दिवशी बसस्थानकावर किती गर्दी असते, हे आगार व्यवस्थापकांना ठाऊक असते. गावात नवा माणूस कोण आला, हे पोलीस पाटलांना ठाऊक असते. १९६७ चा महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम झाला तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री होते पुसद तालुक्यातील गहुलीचे सुपुत्र वसंतराव नाईक. गावातील माहिती पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचविणे हे पोलीस पाटलाचे कर्तव्य त्या अधिनियमाने ठरवून दिले. फोर्स वनच्याही आधीची ही व्यवस्था आहे आणि आजही तिची गरज कमी झालेली नाही.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमान्वये जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष हे सहअध्यक्ष असतात. म्हणजे लोकप्रतिनिधींना यात कायद्यानेच स्थान दिलेले आहे. त्याचा उपयोग करून घ्यावा.

मी सेवेत असतानाचा एक अनुभव सांगतो. एका कार्यालयाच्या तपासणीत मी आपत्ती योजनेची वही मागितली. ती कपाटातून निघाली. बांधणी सुरेख होती. तिच्यातील दूरध्वनी क्रमांक मी एकेक करून फिरवून पाहिले. एक क्रमांक बदलून गेलेल्या अधिकाऱ्याचा, दुसरा बंद, तिसरा एका किराणा दुकानाचा निघाला. त्या कार्यालयाला दोष देऊन मी परत आलो आणि माझ्या स्वतःच्या कार्यालयाची वही उघडली. तिची अवस्थाही फारशी वेगळी नव्हती. मुंबईच्या समितीने मोठ्या प्रमाणावर जे पाहिले, तेच मी त्या दिवशी लहान प्रमाणावर पाहिले.

म्हणून माझी विनंती साधी आहे. प्रत्येक कार्यालयाने व शाळेने आपल्या इमारतीचा नकाशा पोलीस ठाण्यास द्यावा व एक प्रत स्वतःपाशी ठेवावी. दूरध्वनी क्रमांकांची यादी दर तीन महिन्यांनी प्रत्यक्ष फिरवून तपासावी. वर्षातून दोनदा सराव करावा आणि तो फोटोपुरता नसावा. घड्याळ लावून, किती मिनिटांत इमारत रिकामी झाली हे लिहून ठेवावे. ११२ हा क्रमांक मुलांना पाठ करवावा. ग्रामसभेत यावर वर्षातून एकदा तरी चर्चा व्हावी. यास फार पैसा लागत नाही, सातत्य लागते.

आणि अफवा. पहिल्या तासात बंदुकीच्या खालोखाल घातक वस्तू तीच. आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. न तपासलेला मजकूर पुढे न पाठविणे, पोलिसांच्या हालचालींची चित्रे न पसरविणे, हीदेखील देशसेवाच आहे. शिक्षकांनी ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबवावी.

संविधानाची बाजू

सावधपणा आणि संशय यांत मात्र भेद आहे. अतिरेक्याला शेजाऱ्या-शेजाऱ्यांत वैर हवे असते. ते आपणच त्याला देऊ नये. मुंबईतील त्या हल्ल्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, ज्यू अशा सर्व धर्मांची माणसे बळी पडली. आणि मारल्या गेलेल्या अतिरेक्यांना आपल्या दफनभूमीत जागा देण्यास मुंबईतील मुस्लिम संस्थेनेच नकार दिला. गावात अनोळखी माणूस दिसला तर त्याची माहिती ठाण्याला द्यावी. त्याच्या नावावरून, पेहरावावरून वा बोलीवरून जमावाने निवाडा करू नये.

येथे मी २६ नोव्हेंबरच्या पहिल्या स्मृतीकडे परत येतो. कसाब रंगेहाथ सापडला होता. तरीही त्याच्यावर रीतसर खटला चालला, त्याला वकील देण्यात आला. विशेष न्यायालयाने मे २०१० मध्ये, उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०११ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी निकाल दिला आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी शिक्षेची अंमलबजावणी झाली. याच खटल्यातील दोन भारतीय आरोपींवरील आरोप सिद्ध झाले नाहीत, म्हणून न्यायालयाने त्यांना या गुन्ह्यातून मुक्त केले. एवढ्या क्षोभातही पुरावा तोलून पाहणारी न्यायव्यवस्था आपल्यापाशी आहे, ही फोर्स वनइतकीच मोठी शक्ती आहे. शस्त्रे सुधारताना ही शक्ती क्षीण होऊ देता कामा नये.

मित्रहो, आपल्या जिल्ह्यावर असा प्रसंग कधी न येवो. पण आलाच, तर मुंबई आणि नागपूर येथून मदत निघेल आणि ती पोहोचेपर्यंतचा काळ आपला असेल. त्या काळात कोणी काय करावयाचे, हे ठरविण्याचे काम आजच्या शांत दिवशीच होऊ शकते. येथून परत गेल्यावर आपापल्या कार्यालयातील ती वही कपाटातून बाहेर काढावी आणि तिच्यातील पहिला क्रमांक फिरवून पाहावा, एवढीच माझी आपल्याला नम्र विनंती आहे.

जय हिंद! जय महाराष्ट्र!